दोन तांबडे काठ, एक निळा

पदक आलं तेव्हा अल्वा स्टॉडर्ड गुडघाभर चिखलात उभा राहून बैलाला शिव्या घालत होता. रसाचं पिंप लादलेली घसरगाडी चढावर रुतली होती. लायन नावाचा डावा बैल मान टाकून उभा होता आणि मार्च अखेरचं ऊन बर्फाचं पाणी करत होतं. टपालवाला रस्त्यावरूनच ओरडला, "अल्वा, वॉशिंग्टनहून आलंय! सही लागेल!" अल्वानं हात विजारीला पुसले, ते आणखीनच माखले. सरकारी कागदावर सही पडली ती बोटांच्या चिखलासकट.

"उघड की," टपालवाला म्हणाला. चार मैल चिखल तुडवून तो त्याचसाठी आला होता.

"आधी बैल निघू दे."

"युद्ध संपून अठ्ठावीस वर्षं झाली, सरकारला आत्ता जाग आली. आणि तुला बैलाची घाई!"

अल्वानं डबी कोटाच्या खिशात टाकली आणि खांदा गाडीला लावला. टपालवाला खाली गावात सांगत सुटला, की एवढा शूर माणूस, पण बघा, कसला गर्व म्हणून नाही. गाव असंच असतं. माणूस गप्प राहिला की त्याला एक तर खुळा ठरवतं, नाही तर संत.

व्हर्मॉन्टच्या त्या डोंगरात मेपलची झाडं वर्षातून तीनेक आठवडे रस देतात. रात्री गोठायला हवं, दिवसा वितळायला हवं. कळ्या फुगल्या की रस कडू झाला, मग झाडांना टांगलेल्या बादल्या उतरवायच्या. त्या साली थंडी हटता हटेना. मार्च सरत आला तरी झाडं दगडासारखी कोरडी, आणि मग एकदम सुटली. सहाशे बादल्या दिवसातून दोनदा भरायला लागल्या. शेजारच्या हॅस्कलशी त्यांची सावड होती, पण हॅस्कल नेमका छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. उरली दोन माणसं, अल्वा आणि त्याची बायको लव्हिना. अल्वाची आई केझाया अठ्ठ्याहत्तर वर्षांची. डोळ्यांनी अधू, पण कान मांजरीचे. ती खाली घरात बसून मोजे विणायची आणि कोण कधी आलं, गेलं, कुणाचा पाय लंगडतोय, हे नुसतं ऐकून सांगायची.

त्यात अल्वाची एक खोड होती. तो चुलाणात लाकूड घालत नसे. काहिलीवरची मळी काढील, रस ओतील, पाक बघील, पण चुलाणाचं दार उघडायची वेळ आली की बाजूला सरकायचा. लाकूड घालणं लव्हिनाकडे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं कारण विचारलं होतं आणि त्याचा चेहरा बघून पुन्हा विचारलं नव्हतं. आजूबाजूचे मात्र थट्टा करायचे, की स्टॉडर्डच्या घरी बाई जाळ घालते आणि शिपाईगडी पळी हलवतो.

त्या संध्याकाळी लव्हिनानं जेवणाच्या टेबलावर पत्र वाचलं. पत्राची भाषा सरकारी असली की ती ते पाद्र्याच्या आवाजात वाचायची.

"'...लढाईत रान पेटले असता स्वतःच्या जिवाची पर्वा न करता आगीत शिरून, दुसऱ्या तुकडीतील एका जखमी शिपायास खांद्यावर वाहून आणले...' अल्वा! हे तू केलंस?"

अल्वा बटाटा सोलत राहिला.

"'...सदर शिपाई होझिया बार्लो याने स्वतः दिलेल्या साक्षीवरून हे पदक...' आणि हे बघ, त्या बार्लोचं वेगळं पत्र आहे आत. भेटायला येतोय म्हणे. न्यू हॅम्पशरहून. या आठवड्यात."

केझायाच्या सुया थांबल्या. "आग होती?" तिनं विचारलं. "आगीचं तू कधी बोलला नाहीस."

"थोडी होती, आई. पाला पेटला होता."

"आण ते इकडं." तिनं पदक तळहातावर घेतलं, चांदणीच्या पाचही टोकांवरून अंगठा फिरवला. "ऑरिन असता तर म्हणाला असता, लायनच्या कपाळावर बांधा, शोभेल." ती हसली. मग हसू तिच्या तोंडावरच राहिलं, पण आतून निघून गेलं. "ऑरिन कुठं होता तेव्हा?"

"सांगितलंय मी तुला. त्याला आधीच गोळी लागली होती. लगेच गेला. त्याला कळलंसुद्धा नाही."

"हो. सांगितलंयस," आई म्हणाली आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

खरं काय होतं, ते अल्वानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

मे महिना होता, व्हर्जिनियातलं दाट रान. धाकटा भाऊ ऑरिन अठरा वर्षांचा, अल्वाच्याच तुकडीत. पहिल्याच फैरीत तो पडलेला अल्वानं डोळ्यांनी पाहिला होता, पडला आणि उठायला बघत होता. मग सगळी फळी मागं हटली, आणि दोन फौजांच्या मधला वाळला पाला पेटला. जखमी तिथंच होते. त्यांचे आवाज येत होते. अल्वा कुणाला न विचारता आत शिरला. धुरात हात दिसत नव्हता. सगळ्यांचे कोट निळे, तोंडं काजळलेली. सरपटत असताना त्याच्या डोळ्यांसमोर एक पाय आला. बूट कापून काढलेला, आणि पायात करडा मोजा. वर दोन तांबडे काठ आणि मध्ये एक निळा. गावाकडच्या खोऱ्यात प्रत्येक बाईची काठाची खूण वेगळी असायची. पलटण चालायला लागली की नुसते पाय बघून सांगता यायचं, कुणाचा पोरगा कुठला. दोन तांबडे आणि एक निळा म्हणजे केझाया स्टॉडर्ड, दुसरं कुणी नाही. अल्वानं त्याला पालथाच्या पालथा खांद्यावर घेतला आणि पळाला. रस्त्यावर आणून उताणा केला, तेव्हा तो भलताच कुणी होता.

तो परत धावला. रानाच्या कडेपर्यंत गेला. पुढं सगळी आगच होती, पण आवाज अजून येत होते. तिथं त्याचे पाय थांबले. कुणी धरलं नव्हतं त्याला. आपणहून थांबले.

म्हणून पदक. चुकून उचललेल्या माणसाबद्दल. आणि आता तो माणूस घरी येणार, आईसमोर बसणार, आणि आई एकेक करून विचारणार. कुठली जागा, कुणाला शोधायला शिरला होतास, मग माझा कुठं राहिला? अल्वाला काहिलीपुढं उभ्या उभ्या घाम फुटायचा, तो वाफेचा नव्हता.

होझिया बार्लो गुरुवारी आला. उजवा पाय गुडघ्याखाली लाकडी, हातात कापडी पिशवी, अंगावर रविवारचा कोट आणि कमरेपर्यंत चिखल. दारात उभा राहून त्यानं अल्वाकडं बघितलं.  काय बोलायचं हे तो न्यू हॅम्पशरपासून घोकत आला असणार, पण त्यातलं काही त्याला आठवलं नाही.

"तू जाड झालास," तो म्हणाला.

"तू हलका," अल्वा म्हणाला. "तेव्हा मान मोडली होती माझी."

लव्हिना हसली, आणि वेळ निभावली.

पाहुणा म्हणून दोन दिवस बसायचा माणूस नव्हता तो. दुसऱ्या दिवशी पहाटेच वर रानातल्या खोपटात काहिलीपाशी हजर. "लाकूड कोण घालतं?" त्यानं विचारलं. लव्हिनानं अल्वाकडं बघितलं. होझिया तेवढ्यावर समजला, की त्याला आधीच ठाऊक होतं, कुणास ठाऊक. त्यानं चुलाणासमोर ओंडका ओढला, लाकडी पाय पुढं सोडून बसला आणि जाळ घालायला लागला. "या पायाचं एक बरं आहे," तो म्हणाला, "शेकलाही जात नाही आणि गारठतही नाही. फक्त एकदा कुत्र्यानं पळवला होता."

लव्हिनाच्या हातांना बऱ्याच वर्षांनी विसावा मिळाला. ती बादल्या गोळा करायला मोकळी झाली. तीन दिवस तिघांनी रान ओढलं. अल्वा आणि बैल रस आणत होते, लव्हिना ओतत होती, होझिया जाळ सांभाळत होता. काहिलीवर दोरीनं चरबीचा तुकडा टांगलेला. फेस वर आला की त्याला लागायचा आणि गपकन खाली बसायचा. हातांना चिरा पडल्या होत्या, त्यात गोड रस जाऊन आग व्हायची. केस, दाढी, कोट, सगळं चिकट झालेलं. दुखऱ्या खांद्यानं अल्वाला रात्री कुशीवर वळता येत नव्हतं.

पण खरी मेहनत त्याला जेवणाच्या वेळी पडायची. आई होझियाच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची, त्याच्या ताटात मांस वाढायची, आणि विचारायची.

"पोरा, तुला ऑरिन ठाऊक होता का?"

होझियाचा काटा हवेत थांबला. "पलटण मोठी होती, मावशी."

"उंच होता. हसायचा फार. कशालाही हसायचा. प्रार्थनेत हसून मार खायचा."

"आई, जेवू दे त्याला," अल्वा म्हणाला.

"मी काय त्याचा घास काढून घेतेय? तू लढाईवरून आल्यापासून मेला गप्प, हा आला तर ह्यालाही गप्प करतोस. बोलणारं माणूस माझ्या नशिबी एकच होतं."

हे तर खरंच होतं. अल्वा युद्धातून आला तेव्हापासून त्यानं भावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. बोलायची वेळ आली तर 'तो' म्हणायचा. त्याची कुऱ्हाड, त्याची खोली, तो असता तर. आईनं मात्र ते नाव रोज घेतलं होतं, कोंबड्यांना दाणे टाकताना, पीठ मळताना. दर हिवाळ्यात ती एक जोड त्याच्या मापाची विणायची आणि गावात कुणा गरजवंताला द्यायची. नाव घराच्या एका बाजूनं सतत येत होतं आणि दुसऱ्या बाजूनं कधीच उत्तर नव्हतं.

शनिवारी पाद्री येऊन गेला. मे अखेरीला शिपायांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस असतो, त्या दिवशी अल्वानं व्यासपीठावर उभं राहायचं, पदक लावायचं, दोन शब्द बोलायचे असं त्यानं परस्पर ठरवूनही टाकलं. अल्वा म्हणाला, गाय व्यायली असेल तेव्हा. पाद्री म्हणाला, गाईला आपण विनंती करू.

सोमवारी वारं दक्षिणेचं झालं. अल्वानं एक फांदी वाकवून बघितली. कळ्यांची टोकं तांबूस झाली होती. "आजचाच घाणा," तो म्हणाला, "उद्या कडवट होईल." शेवटच्या दिवशी आईला वर आणायची त्यांची रीत होती. ताज्या बर्फावर गरम पाक ओतायचा, त्याची चिवट तार काट्यावर गुंडाळून खायची, वर गोडावर उतारा म्हणून आंबट काकडी. "दुपारी घसरगाडीवरून आणते त्यांना," लव्हिना जाताना म्हणाली. अल्वा मळी काढत होता. त्यानं हुंकार भरला आणि विसरला.

शेवटचा रस दाट होता. वाफ इतकी, की छपराखाली होझियाचा आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही.  लाकडं तडतडत होती.

"अल्वा," होझिया म्हणाला, "उद्या मी निघतो. जायच्या आधी एक सांगायचंय. त्यासाठीच आलोय."

"आभार पुष्कळ मानलेस."

"आभार नाहीत. ऐक. तू मला उचललं नव्हतंस."

अल्वाच्या हातातली पळी थांबली.

"वाटभर तू नाव घेत होतास. 'ऑरिन, आलोच बघ. ऑरिन, धर मला. ऑरिन, आई काय म्हणेल.' माझं डोकं तुझ्या पाठीवर आपटत होतं आणि प्रत्येक पावलाला तू ते नाव घेत होतास. आधी मला वाटलं, भ्रमिष्ट झालाय. मग माझ्या ध्यानात आलं. मोजे. नदी ओलांडायच्या आदल्या दिवशी माझे पाय रक्ताळले होते. तुझ्या भावानं तंबाखूच्या वडीच्या बदल्यात दिले ते मला. म्हणाला, घे, आमची म्हातारी पावसाळ्यात गवत वाढावं तसे विणते." होझियाचा आवाज चिरकला. "मला सगळं कळलं होतं, अल्वा. अर्ध्या वाटेत कळलं होतं. माझी वाचा शाबूत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की अरे, मी तो नव्हे. तू मला खाली टाकलं असतंस आणि परत फिरला असतास. वेळ होता तेव्हा. मी तोंड दाबून गप्प राहिलो. तू मला उताणा केलास तेव्हाही डोळे मिटून पडलो, तुझं तोंड बघवेना म्हणून."

 एकोणतीस वर्षं अल्वानं त्या आगीच्या कडेला स्वतःलाच एकट्याला उभं करून ठेवलं होतं. आता तिथं आणखी एक माणूस निघाला. त्याला त्याचा संताप यायला हवा होता. आलाही, छातीपर्यंत आला. पण त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं, आणि त्यानं पळी काहिलीच्या कडेला टेकवली.

"वॉशिंग्टनला मी चार वर्षं पत्रं लिहिली," होझिया म्हणाला. "म्हटलं, निदान पदक तरी मिळवून द्यावं. दुसरं काय देणार होतो?"

"मी परत गेलो होतो," अल्वा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "कडेपर्यंत. पुढं गेलो नाही. ओरडणं ऐकू येत होतं. त्यात तो होता का नव्हता, मला आजही ठाऊक नाही. गेलो नाही मी."

"ते ओरडणं मीही ऐकलंय," होझिया म्हणाला.

"मी पण ऐकतेय," दाराजवळून आवाज आला.

वाऱ्यानं वाफ बाजूला झाली. दाराच्या आत, पालथ्या बादलीवर, शालीत गुंडाळलेली आई बसली होती. लव्हिना तिला तिथं बसवून चांगला बर्फ शोधायला सावलीकडं गेली होती. आईच्या मांडीवर रिकामं ताट होतं आणि हातात काटा होता, पाक खायला आणलेला.

"आई..." अल्वा म्हणाला.

"लगेच गेला म्हणालास."

"हो."

"कळलंसुद्धा नाही म्हणालास."

अल्वानं मान खाली घातली. आई बराच वेळ काट्याचे दात अंगठ्यानं चाचपत राहिली. मग तिनं तोंड चुलाणाच्या दिशेला वळवलं.

"बार्लोच्या पोरा, तुझी आई होती का तेव्हा?"

"होती, मावशी."

"पुढं किती जगली?"

"अकरा वर्षं."

"रोज बघत असेल तुला."

"रोज."

"बरं," केझाया म्हणाली. "तिला तरी मिळालास. आता थोडा वेळ माझ्याशी बोलू नकोस. मला राग येतोय, तो येऊन जाऊ दे."

होझियानं टोपी काढून मांडीवर धरली. जाळाकडं त्याचं लक्ष राहिलं नाही, काहिलीकडं अल्वाचं राहिलं नाही.

"अल्वा. इकडं ये."

तो गेला आणि तिच्यासमोर ओल्या मातीत गुडघे टेकून बसला. एक्कावन्न वर्षांचा माणूस, दाढीत साखर गोठलेली.

"हाका मारत होतास त्याला?"

"हो, आई."

"वाटभर?"

"हो."

"आणि घरी येऊन एकदासुद्धा मारली नाहीस." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मी त्याचं नाव घ्यायची आणि तू उठून गोठ्यात जायचास. मला वाटलं, ह्यानं पुसून टाकलं. मला वाटलं, ह्याला त्याची आठवणच होत नाही. रागावायची मी तुझ्यावर रात्र रात्र. एवढी मोठी आठवण माझ्या एकटीच्या अंगावर टाकलीस, मेल्या. दोघांत वाटून घेतली असती."

"माझ्यानं होत नव्हतं, आई. नाव आलं की त्याच्या मागून ते दुसरं सगळं यायचं."

"येऊ दे. मी आहे अजून." तिनं चाचपत त्याचा चेहरा धरला. लोकरीनं गुळगुळीत झालेल्या बोटांनी कपाळ, नाक, दाढी बघितली. "खालून मी जेवायला बोलवायची तेव्हा तू या रानातून त्याला हाक मारायचास. आठवतंय? तशी मार."

"आत्ता?"

"मग कधी? मी मेल्यावर?"

अल्वा उठून दाराबाहेर आला. खाली उतारावर बादल्या टांगलेली झाडं उभी होती, त्यांच्या बुंध्यांभोवतीचा बर्फ वितळून काळी माती दिसायला लागली होती. त्यानं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा बाहेर पडली. त्यानं दाराची चौकट धरली.

"ऑरिन," तो म्हणाला.

"ही काय हाक आहे?" आतून आई म्हणाली. "तो त्या टोकाला असायचा."

त्यानं छाती भरून घेतली आणि ओरडला. लांब, शेवटाला वर नेऊन, जशी त्या डोंगरात हाक मारतात तशी. "ऑ... रिन!" एकदा निघाली आणि मग थांबेना. दुसरी, तिसरी. घसा फाटला तरी तो ओरडत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

लव्हिना ताटलीत बर्फ घेऊन धावत वर आली. आतून करपल्याचा वास येत होता. काहिलीच्या बुडाला पाक लागला होता, कडेनं काळा धूर निघत होता, चार दिवसांच्या राबण्याचा शेवटचा, सगळ्यात दाट घाणा. तिनं पळी उचलली. "अहो, कुणी बघतंय की नाही? पाक जळतोय! आई, पाक जळतोय!"

जन्मभरात चमचाभर साखर वाया जाऊ न दिलेली केझाया बादलीवर ताठ बसली होती. कान बाहेर लावलेले, काटा मुठीत घट्ट.

"जळू दे गं," ती म्हणाली. "त्याला हाक मारू दे."